किल्ली फिरवण्यापूर्वी

मोटारीचे जीर्ण इंजिन उतरवून तिच्यात दुसरे बसविण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्यास कितीही अवघड भासले, तरी जाणत्या मिस्त्रीची खरी कसोटी शेवटचा बोल्ट आवळल्यानंतरच लागते; आणि नवे इंजिन पेट्रोल इंजेक्टरने फवारणारे, म्हणजे बोलीतले ‘एमपीएफआय’, असेल तर विशेषच.

1983 च्या अखेरीस आलेल्या मारुती 800 ला कार्ब्युरेटर असे आणि चोक ओढून, चार वेळा सेल्फ मारून ती चालू करता येई. पुढे त्याच गाडीला एमपीएफआय इंजिन आले. ते जुन्या गाडीत बसविणाऱ्याने हे ओळखले पाहिजे, की येथे आर्जवाला जागा उरत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडावा आणि ठिणगी केव्हा पाडावी, याचा हुकूम ईसीएम ही इंजिनाचे नियंत्रण करणारी संगणकीय पेटी देते, आणि इंजिन फिरत असल्याची वर्दी सेन्सरकडून आल्यावाचून ती तो देत नाही.

जुना यांत्रिक पंप अल्प दाबाने पेट्रोल पोचवी. इंजेक्टरला मात्र साधारण 3 बार दाब लागतो. म्हणून विजेचा पंप आणि दाब सोसणाऱ्या नळ्या अपरिहार्य ठरतात, आणि जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवणे म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडण्याची तजवीज करणे होय.

पहिला मान तेलाचा. बराच काळ पडून राहिलेल्या इंजिनाच्या बेअरिंगांवर तेलाचा थर उरलेला नसतो. म्हणून प्लग काढून, इंजेक्टर आणि ठिणगी यांचा वीजपुरवठा तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारावा. मग सर्व पूर्ववत जोडून किल्ली केवळ ‘ऑन’वर न्यावी आणि कान द्यावा: पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला, तर ते सुचिन्ह, मुळीच बोलला नाही, तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासावे.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी घाईत हमखास विसरली जाते. ती नसली की सेल्फचा प्रचंड करंट बारीक तारांतून वाट काढतो, त्या तापतात आणि सेन्सरांचे निवेदन अविश्वसनीय होते. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर जोडायचा राहिला, तर इंजिन थंड की गरम हे ईसीएमला कळत नाही, पेट्रोलचे प्रमाण चुकते आणि कित्येकदा प्लग भिजतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, तर बहुतेक ईसीएम पेट्रोल रोखून धरतात आणि सिलिंडर कोरडे होतात. तरीही इंजिन पेटले नाही, तर ठिणगी, पेट्रोलचा दाब आणि इंजेक्टरला मिळणारा संकेत यांची एकेक करून खातरजमा करावी. अंदाजाने भाग बदलत सुटणे म्हणजे निष्कारण खर्च आणि नव्या दोषांची भर.

इंजिन चालू झाले, तरी काम संपत नाही. नोंदणी पुस्तकात इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील अशा फेरफारांना लागू आहे. तेव्हा इंजिन विकत घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात जाऊन रीतसर परवानगीची चौकशी करावी आणि खरेदीची पावती दप्तरी जपून ठेवावी. उत्तम चालणारी पण कागदोपत्री दुसऱ्याच इंजिनाची गाडी रस्त्यावर आणणे कोणाही सुज्ञाने टाळावे.