संथ कालव्यातून बाथनगरीकडे

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे ज्येष्ठ बहुधा धावपळीचे पर्यटन करतात. रोज नवे शहर, पहाटेची बस आणि रात्री सुजलेली पावले! आपल्याला हे झेपत नसेल, तर एक निराळा मार्ग आहे. केनेट आणि एव्हन कालव्यातून नौकेने जाऊन ऐतिहासिक बाथ शहर पाहावे.

रेडिंग ते ब्रिस्टल हा सुमारे १४० किलोमीटरचा जलमार्ग १८१० मध्ये पूर्ण झाला. रेल्वे आल्यावर त्याची रया गेली. पुढे स्वयंसेवकांच्या दीर्घ खटपटीमुळे १९९० मध्ये तो पुन्हा खुला झाला. येथे नौका माणसाच्या चालीनेच जाते. तिच्यातच स्वयंपाकघर, बिछाना आणि शौचालय असल्याने सामानाची रोजची बांधाबांध टळते, पथ्याचा वरणभातही वेळेवर मिळतो.

मात्र संथ प्रवास म्हणजे विनाश्रम प्रवास नव्हे. चढउताराच्या जागी नौका वरखाली नेण्यासाठी ‘लॉक’ नावाचे जलकक्ष असतात. त्यांचे अवजड दरवाजे प्रवाशांनाच ढकलावे लागतात. म्हणून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथची वेस हा सुमारे १५ किलोमीटरचा टप्पा निवडावा. या टप्प्यात एकही लॉक नाही. वाटेत जॉन रेनी यांनी बांधलेल्या डंडास जलसेतूवरून कालवा थेट एव्हन नदी ओलांडतो. चार-पाच तासांचे हे अंतर तीन दिवसांत कापावे.

बाथमध्ये सुमारे ४६ अंश सेल्सिअसचे उष्ण झरे आहेत. त्यांच्याभोवती रोमनांनी मंदिर आणि स्नानगृहे उभारली. त्या प्राचीन कुंडात आज स्नान करता येत नाही. शहरातील आधुनिक स्नानगृहात ते शक्य आहे. परंतु हृदयविकार, रक्तदाब किंवा चक्कर यांचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. कुंडाकाठची जुनी फरसबंदी उंचसखल आहे. काठी सोबत असावी. तीस घरांचा अर्धचंद्राकृती ‘रॉयल क्रेसेंट’ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी काही गोष्टी जपाव्यात. नौकेत उतरण्याच्या पायऱ्या अरुंद व उभ्या असतात. आरक्षणापूर्वी आईवडिलांना तशा पायऱ्या जमतात का, ते पाहावे. न जमल्यास काही तासांची सहलनौका बरी. नौका काठाला घट्ट बांधल्याशिवाय कोणीही चढू-उतरू नये. हाताने वा पायाने ती थोपवू तर मुळीच नये. बाहेर बसताना जीवरक्षक जाकीट घालावे. रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. लघवीला उठावे लागेल या भीतीने ज्येष्ठ पाणी कमी पितात, गोळीही टाळतात; तसे होऊ देऊ नये. दर तासाला थोडे उभे राहावे. कालव्यावरील पुलांना क्रमांक असतात. ९९९ या क्रमांकावर मदत मागताना जवळच्या पुलाचा क्रमांक सांगावा. प्रवासविमा उतरवताना जुने आजार लपवू नयेत.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. आज किती जायचे आणि कोठे थांबायचे, हे घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला ठरवू द्यावे. उतारवयात इतरांच्या वेगामागे फरपटत जाण्याचा शीण मोठा असतो. या सहलीत निदान तेवढा तरी टळेल.