डोकेदुखीचा नेमका कोड

आडवं पडलं की डोकं शांत, उठून बसलं की पुन्हा ठणका. इथे अमेरिकेत बाळंतपणात पाठीत एपिड्युरल घेतलेल्या आपल्या काही लेकी-सुनांना हे सोसावं लागतं. मज्जारज्जूभोवतीचा द्रव सुईच्या छिद्रातून झिरपतो, म्हणून हे होतं. भारतातून आलेली आई म्हणते, ‘वारं लागलंय, डोक्याला फडकं बांध.’ ठणका थांबलाच नाही, तर डॉक्टर बाळंतिणीचंच थोडं रक्त पाठीत सोडून ते छिद्र बुजवतात. याला म्हणतात ब्लड पॅच.

मग बिल येतं. विमा कंपनी त्यावर आजाराचा कोड बघते. सुईशी संबंध नसलेल्या गळतीला पूर्वी जी९६.० हा एकच कोड होता. १ ऑक्टोबर २०२० पासून अमेरिकेत त्याचे पाच झाले. मणक्यातून आपोआप गळती झाली तर जी९६.०२, कवटीतून झाली तर जी९६.०१. इतर कारणांसाठी कवटीला जी९६.०८, मणक्याला जी९६.०९. नोंदीत काहीच स्पष्ट नसेल तर जी९६.००.

तपासणीसाठी पाठीतून पाणी काढताना गळती झाली, तर जी९७.०. बाळंतपणातल्या भुलीने डोकं दुखलं, तर प्रसूतीच्या वेळी ओ७४.५ आणि नंतरच्या दिवसांत ओ८९.४. इथे ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर आहे, शून्य नव्हे.

कोड लावणारा माणूस पेशंटला भेटत नाही, डॉक्टरांची नोंद वाचतो. तिथे नुसतं ‘डोकेदुखी’ असेल तर आर५१.९ लागतो. मग साध्या डोकेदुखीला ब्लड पॅच कशाला, असा प्रश्न विमा कंपनी काढू शकते. निदान पक्कं व्हायचं असेल, पण उभं राहिल्यावर त्रास वाढत असेल, तर त्यासाठी आर५१.० हा वेगळा कोड आहे.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतःहून सांगा: त्रास कधी सुरू झाला, त्याआधी पाठीत सुई घेतली होती का, आणि झोपल्यावर बरं वाटतं का. क्लेम नाकारला गेला तर विम्याच्या पत्रावरचा कोड नोंदीशी ताडून पाहा. नोंद अपुरी असेल तर ती डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून घ्या. पैसे मिळावेत म्हणून बिलिंगवाल्यांना ‘दुसरा कोड टाका’ म्हणू नका. कोड आजाराचाच हवा. नकार कळल्यापासून अपिलासाठी बहुतेक खासगी विम्यांत १८० दिवस मिळतात. बाळाच्या गडबडीत ते भुर्रकन जातात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर आधी मांडून ठेवा.