दिसले नाही, म्हणजे नाही असे नव्हे

पुण्यातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात शिरताना आधी एक पाटी दिसते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तिच्यामागे मोठी लढाई आहे. गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४चा. त्याची अंमलबजावणी होईना, म्हणून २००० साली ‘सेहत’ आणि पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या इतिहासामुळे सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गर्भच आठवतो. त्याच बाकावर पोट धरून बसलेल्या मुलाकडे लक्ष जात नाही. त्याच्या आईला धास्ती वेगळीच असते: अपेंडिक्स तर नसेल?

खरे तर अपेंडिक्स जन्मतःच प्रत्येकाला असते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ही बंद टोकाची बारीक नळी. बहुधा तिची पोकळी बुजते, आत दाब वाढतो, सूज येते. उपचार लांबले तर ती फुटून पू पोटात पसरू शकतो. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली या आजाराचे नेमके वर्णन करून त्याला नाव दिले. पुढची शंभर वर्षे निदानाची भिस्त मुख्यतः डॉक्टरांच्या हातावर होती. थांबावे तर फुटण्याची भीती. घाई करावी तर पोट उघडल्यावर निरोगी अपेंडिक्स हाती येई.

१९८६ साली नेदरलँड्सच्या पॉयलार्ट यांनी एक साधी युक्ती मांडली. आतड्यातल्या वायूतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत. म्हणून दुखऱ्या जागी प्रोब हळूहळू दाबत न्यायचा. वायू बाजूला सरतो आणि निरोगी आतडे चेपते. सुजलेले अपेंडिक्स मात्र चेपत नाही. व्यास सहा मिलिमीटरहून जास्त, हालचाल नाही, नेमके तिथेच दुखते: या खुणा एकत्र आल्या की निदानाला बळ येते. क्ष-किरण नसल्याने मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी पहिली तपासणी हीच. तरुणीच्या उजव्या ओटीपोटात दुखत असेल, तर बीजांडकोशाला पडलेला पीळ किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणाही हिच्यातून उमगू शकते.

पण शरीर स्थूल असेल, वायू फार असेल किंवा अपेंडिक्स आतड्यामागे दडलेले असेल, तर अनुभवी हातालाही ते सापडत नाही. अशा वेळी अहवालात लिहिलेले असते: अपेंडिक्स दिसले नाही. घरचे ते वाचतात आणि ‘चला, अपेंडिक्स नाही’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. धोका इथेच आहे. न दिसणे म्हणजे उत्तर न मिळणे. डॉक्टर मग पोट पुन्हा तपासतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहतात, काही तासांनी सोनोग्राफी परत करतात किंवा सीटी स्कॅन, गरोदरपणी एमआरआय सुचवतात.

दारावरची पाटी ‘नाही’ म्हणते, तो कायद्याचा ठाम नकार असतो. अहवालातले ‘नाही’ तसे नसते. ते फक्त त्या घडीपुरते असते. तो कागद हाती असतानाही दुखणे वाढले, ताप चढला, उलट्या थांबेनात, तर कागदावर विसंबून सकाळची वाट पाहू नये. रात्रीच दवाखाना गाठावा.