उपनगरांतले श्वान-निवारे

मुंबईच्या उपनगरांतल्या श्वान-निवाऱ्यात आणलेली बहुतेक कुत्री थोड्याच दिवसांत परत जातात, आणि तीही ज्या गल्लीतून उचलली त्याच गल्लीत. कायदाच तसा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेला आणि रेबीजची लस टोचलेला कुत्रा मूळ जागी सोडावा लागतो. त्यामुळे घर शोधून देण्याचे काम निवाऱ्यात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी होत नाही. परतीची वाट बंद झालेल्यांपुरतेच ते होते: आईवेगळी पिल्ले, मालकाने सोडून दिलेले पाळीव कुत्रे, गाडीखाली सापडून मागचे पाय गेलेले, आंधळे, म्हातारे. निवाऱ्याचे स्वयंसेवक मुख्यतः याच उरलेल्या वर्गासाठी राबतात.

ही रीत शहरात एकदम आली नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमा निघत आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस दिले जाई. जून १८३२ मध्ये फोर्टातल्या पारशांनी त्याविरुद्ध दंगा केला, दुकाने बंद ठेवली आणि गोऱ्या पलटणीकडे जाणारा शिधा अडवला. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, पण त्या बंदात इतर समाजांचे व्यापारीही उतरले होते. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ सुरू झाली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाचा पाया घातला गेला. अंधेरी-बोरिवलीहून जखमी कुत्रा घेऊन निघालेल्या कित्येकांना परळचा रस्ता अजूनही पाठ असतो.

धर्मादाय दवाखाना आणि पालिकेची मारण्याची मोहीम या दोन गोष्टी नंतर दीर्घकाळ शेजारी-शेजारी चालल्या. विजेचा धक्का देऊन कुत्री मारण्याची पद्धत महापालिकेने १९९४ मध्ये थांबवली. इतकी वर्षे मारूनही संख्या घटली नव्हती, आणि त्याचे कारण साधे आहे. कुत्रा आपला इलाखा राखतो. गल्लीतली कुत्री नाहीशी झाली की कचराकुंडी तशीच राहते आणि शेजारच्या भागातली नवी कुत्री तिथे येऊन विते. नसबंदी झालेली, लस घेतलेली कुत्री त्याच जागी राहिली तर ती नव्यांना सहजी शिरू देत नाहीत. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे गणित आहे. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचा छोटा तुकडा कापतात. उपनगरांत हिंडताना कापलेल्या कानाचा कुत्रा दिसला की तो एकदा नसबंदी केंद्रात जाऊन आला आहे, हे ओळखता येते. नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडण्याचे हे सूत्र २००१ मध्ये देशभरासाठी नियमांत आले. महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत शहरात ९५ हजारांवर भटकी कुत्री आढळली.

पालिका हे काम स्वयंसेवी संस्थांकडून करून घेते. १९८५ पासून काम करणाऱ्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’चे केंद्र महालक्ष्मीला आहे. पूर्व उपनगरांना जवळचे केंद्र देवनारला, ‘इन डिफेन्स ऑफ अ‍ॅनिमल्स’चे. पश्चिमेला मालाडमध्ये ‘अहिंसा’ आहे. मालाडच्याच ‘अ‍ॅनिमल्स मॅटर टू मी’ने परत सोडता न येणाऱ्या जनावरांसाठी रायगड जिल्ह्यात कोलाडला जागा केली. ‘वर्ल्ड फॉर ऑल’ हे नाव मुख्यतः दत्तक देण्याच्या कामामुळे आणि वांद्र्याला भरणाऱ्या ‘अ‍ॅडॉप्टाथॉन’मुळे माहीत आहे. याशिवाय जवळजवळ प्रत्येक वॉर्डात पाच-दहा जणांचे गट आहेत. त्यांच्याकडे पाटी नसते, नोंदणी असतेच असे नाही आणि जागा तर नसतेच.

उपनगरांतल्या कामाचे खरे स्वरूप या जागेच्या टंचाईतून ठरते. घाटकोपर किंवा मुलुंडमध्ये पन्नास कुत्र्यांचे आवार भाड्याने घेणे धर्मादाय संस्थेच्या आवाक्यात नाही, आणि जागा मिळाली तरी भुंकण्याची तक्रार यायला आठवडा लागत नाही. म्हणून मोठा निवारा ठाणे, वसई, रायगडकडे सरकतो आणि शहरात उरतो तो विखुरलेला निवारा: कुणाच्या वन-बीएचकेची गॅलरी, कुणाच्या सोसायटीचा जिन्याखालचा कोपरा, एखाद्या दवाखान्यातले महिन्यावर घेतलेले दोन पिंजरे. कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत आपल्या घरी ठेवणाऱ्यांना या वर्तुळात ‘फॉस्टर’ म्हणतात. फॉस्टर मिळवणे दत्तक घेणारा मिळवण्याइतकेच अवघड असते. किंबहुना फॉस्टर नसेल तर नव्या कुत्र्याला हातच लावता येत नाही.

पिल्लांचा हंगाम ठरलेला असतो. पावसाच्या शेवटी कुत्र्या माजावर येतात, सुमारे ६३ दिवसांनी वितात आणि नोव्हेंबर ते जानेवारीत गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. कुणी ती पोत्यात भरून स्टेशनबाहेर किंवा दवाखान्याच्या दारात ठेवून जाते. अशा पोत्यात माद्या जास्त असतात, हा स्वयंसेवकांचा नेहमीचा अनुभव आहे; नराला गिऱ्हाईक मिळते. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळ राहिले पाहिजे. त्याआधी तोडलेले पिल्लू पुढे चावरे किंवा भित्रे होण्याचा संभव वाढतो, आणि आईच्या दुधातून मिळणारी प्रतिकारशक्तीही तुटते.

पिल्लांचा मोठा शत्रू पार्व्हो. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि उपचार उशिरा सुरू झाले तर दोन-तीन दिवसांत मृत्यू. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि घरोघरच्या फिनेलला दाद देत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, लागते. नव्या स्वयंसेवकाच्या हाती प्रथम झाडू आणि बादली येते ती यामुळेच. आजारी पिल्लाजवळून उठून त्याच चपलांनी निरोगी पिल्लांत जाणारा प्रेमळ माणूस निवाऱ्याचे जितके नुकसान करतो, तितके कुत्र्यांचा द्वेष करणाराही करत नसेल. सहा ते आठ आठवड्यांना पहिली एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी तिची पुनरावृत्ती आणि तीन महिन्यांना रेबीज हा क्रम पाळला तर बहुतेक पिल्ले वाचतात. एकत्रित लशीत लेप्टोस्पायरोसिसचाही अंश असतो, आणि दर पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या या शहरात तो महत्त्वाचा आहे.

मोठ्या कुत्र्यांचे आजार वेगळे: गोचिडांमुळे होणारा ताप, खरूज, जननेंद्रियांवरच्या संसर्गजन्य गाठी, आणि अळ्या पडलेल्या जखमा. डोक्यावर किंवा कानामागे झालेली जखम कुत्र्याला चाटता येत नाही, त्यामुळे तिथे माशी अंडी घालते आणि अळ्या मांस खात आत शिरतात. औषध फवारून त्या चिमट्याने एकेक काढायच्या आणि ड्रेसिंग रोज बदलायचे, हे काम प्रशिक्षित पॅराव्हेट करतो. कुत्र्याचे तोंड बांधून त्याला धरून ठेवायला मात्र स्वयंसेवक लागतो. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याचे मूत्राशय दिवसातून दोन-तीनदा हाताने दाबून रिकामे करावे लागते. फोटोत दिसते ती कुत्र्याची चाकाची गाडी. मूत्राशयाचे काम फोटोत येत नाही, आणि कायमचे घर शोधताना अडते ते तिथेच.

स्वयंसेवकाने काम सुरू करण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असावी, हा नियम चांगल्या संस्था काटेकोरपणे पाळतात. तरीही दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. कुत्र्याची भाषा वाचणेही शिकावे लागते. वळवलेली मान, डोळ्यांचा दिसणारा पांढरा भाग, पुन्हापुन्हा ओठ चाटणे या खुणा गुरगुरण्याच्या आधी येतात. भुकेचा प्रश्न त्या मानाने सोपा: भात आणि उकडलेली कोंबडी, मीठ-कांदा वगळून. पार्ले-जी हे मुंबईच्या रस्त्यावरच्या कुत्र्याचे जणू मुख्य अन्न झाले आहे. पशुवैद्य कितीही नाके मुरडोत, या बिस्किटांचा विलेपार्ल्याचा कारखाना २०१६ मध्ये बंद पडला तरी सकाळी फिरायला निघालेल्यांच्या खिशातला पुडा काही गेला नाही.

यानंतरचा टप्पा दत्तक देण्याचा. पिल्लाचा फोटो, वय, लिंग, झालेल्या लशी आणि एक फोन नंबर असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो. विचारणा भरपूर येतात आणि त्यांतल्या बहुतेक नाकाराव्या लागतात. हा नकार देणे स्वयंसेवकाचे सर्वांत कमी वाखाणले जाणारे कौशल्य आहे. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू हवे, गाळ्यावर राखणीला बांधून ठेवायला कुत्रा हवा, किंवा ‘लॅब्राडोर असेल तर सांगा’, अशा फोनवर बोलणे तिथेच संपते. पुढच्यांना प्रश्न विचारले जातात. घर स्वतःचे की अकरा महिन्यांच्या करारावरचे? घरमालकाची परवानगी आहे का? घरातल्या सर्वांना कुत्रा हवा आहे, की एकट्या मुलीला? दिवसभर घरी कोण असते? गणपतीला गावी गेल्यावर कुत्रा कुणाकडे राहणार? कोकणात घर असलेल्या कुटुंबांत हा शेवटचा प्रश्न बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

मग घरभेट. कठडा नसलेली गच्ची किंवा गजांत फट असलेली गॅलरी दिसली तर आधी जाळी बसवायला सांगतात. सोसायटीचा विरोध हे नेहमीचे कारण. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. पण परिपत्रक हातात धरून सेक्रेटरीशी भांडण्यापेक्षा कुत्रा नेण्याआधी त्यांच्याशी बोललेले बरे, असे अनुभवी स्वयंसेवक सुचवतात. सर्व ठीक असेल तर करारपत्र होते: वय झाल्यावर नसबंदी करायची, लशी चालू ठेवायच्या, महापालिकेचा परवाना काढायचा, कुत्रा परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही, ठेवणे अशक्य झाले तर संस्थेकडेच परत आणायचा. रस्त्यावरचे प्राणी दत्तक देण्यासाठी जीवजंतू कल्याण मंडळाने २०२२ मध्ये प्रमाणित पद्धतही जाहीर केली.

परत येणाऱ्या कुत्र्यांची कारणे थोडीच असतात: घरात बाळ येणार, बदली झाली, सामान चावले, आजी घाबरते. पहिले दोन आठवडे निर्णायक. रस्त्यावर वाढलेले कुत्रे पंख्याला, जिन्याला, लिफ्टच्या दाराला बिचकते, कोपऱ्यात बसून राहते आणि नेमक्या गालिच्यावर घाण करते. या काळात रोज फोन करणारा स्वयंसेवक असेल तर दत्तक टिकते. देशी कुत्र्याला, ज्याला आता ‘इंडी’ म्हणतात, मुंबईची दमट हवा मानवते आणि हस्कीसारखे त्याला एसी लागत नाही. तरी मागणी विलायती जातींनाच. सोडून दिलेला हस्की बहुधा लवकर जातो आणि काळी मादी पिल्ले मागे राहतात. रतन टाटांच्या आग्रहाने २०१८ मध्ये नूतनीकरण झालेल्या बॉम्बे हाउस या टाटा समूहाच्या मुख्यालयात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली झाली, तेव्हा इंडीची पत थोडी वाढली. परदेशी पाठवण्याची वाट मात्र अरुंद झाली आहे. कॅनडाने रेबीजच्या धोक्यामुळे भारतासह अनेक देशांतून दत्तक किंवा विक्रीसाठी येणारी कुत्री सप्टेंबर २०२२ पासून बंद केली. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून किमान सहा महिन्यांचे वय आणि मायक्रोचिप यांसारख्या अटी घातल्या.

बोरिवलीच्या बाजूला एक वेगळाच हिशेब चालतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा असतो. उद्यानातले साधारण ३५ बिबटे वर्षाला १५०० कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे हजार दंश टळतात, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. जंगलाला लागून असलेल्या वस्तीत कुत्रा दत्तक देताना त्याला रात्री अंगणात बांधणार नाही, अशी कबुली घ्यावी ती यासाठी.

निवाऱ्यांच्या कामाची चौकट २०२५ मध्ये हलली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी व लस करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, खाणे ठरलेल्या जागीच द्यावे. कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी पालिकेकडे अर्ज करावा आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असेही त्यात म्हटले होते. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून ती तिथे परत न सोडण्यास सांगितले. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या प्रत्येक स्थानकावर वर्षानुवर्षे राहिलेली, हमाल आणि चहावाले ओळखतात अशी नसबंदी झालेली कुत्री आहेत. आजची नसबंदी केंद्रे शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेली आहेत, आयुष्यभराच्या मुक्कामासाठी नव्हेत. स्थानकांवरची ही प्रौढ कुत्री आता परतीची गल्ली नसलेल्या वर्गात येतात, आणि त्यांच्यासाठी जागा किंवा घरे शोधण्याचे काम पालिकेबरोबर याच संस्था आणि गटांकडे आले आहे.