कानात पाणी राहिलंय?

पोहून आल्यावर कानात गुडगुडतं, आपलाच आवाज घुमतो. पाणी मेंदूकडे चाललंय ही भीती मात्र सोडा. मोठ्या माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटरची. पडदा शाबूत असेल तर पाणी त्यापुढे जात नाही. नलिका वळणाची असल्यामुळे थेंब अडकतो. आत मळ साचलेला असला तर तो पाण्याने फुगतो आणि कानाला दडे बसतात.

डोकं त्या बाजूला कलतं करून कानाचा वरचा भाग वर आणि मागे हलकेच ओढा. लहान मुलांचा कान खाली आणि मागे ओढायचा. वळण सरळ झालं की पाणी बहुधा ओघळतं. नाहीतर त्याच कुशीवर थोडा वेळ पडून राहा. हेअर ड्रायर हातभर लांबून, सर्वांत मंद वाऱ्यावर चालतो.

काडी, हेअरपिन, किल्ली (हो, किल्लीसुद्धा!) यांनी मळ आत ढकलला जातो, त्वचा ओरखडते. मळ थोडा आम्लधर्मी, जंतूंना आवरणारा. तो साफ खरवडून ओल ठेवली की ‘स्युडोमोनास’सारख्या जिवाणूंचं फावतं. लसणीचं कोमट तेलही नको. पडद्याला छिद्र असेल तर ते थेट मध्यकर्णात उतरतं.

कान ओढताना किंवा कानासमोरचा उंचवटा दाबताना कळ आली, स्राव आला किंवा दोन दिवसांत दडे सुटले नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मधुमेहींनी कळ येताच जावं.