मैदानातून मतदारसंघात : पालवणकर बाळू

सुरत, मुंबई, पुणे आणि धारवाड ही शहरे ज्या मुंबई इलाख्यात मोडत, त्या इलाख्यात खेळाडूने राजकारणात उतरण्याचा सर्वांत अर्थपूर्ण प्रारंभिक दाखला म्हणजे पालवणकर बाळू यांचा. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखण्याचे काम करीत आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. डावखुऱ्या संथ फिरकीवरील त्यांची हुकमत याच सरावातून आली. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले खरे, पण चहापानाच्या वेळी सहकाऱ्यांना चिनी मातीच्या कपात, तर बाळूंना तंबूबाहेर मातीच्या परळात चहा मिळे.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, तेव्हा त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. पुढील वर्षाअखेर तापीकाठी सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन उधळले जाऊन जहाल आणि मवाळ वेगळे झाले. तेथील वाद स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांविषयीच्या ठरावांचा होता, आणि अस्पृश्यांवरील निर्बंधांविरुद्ध काँग्रेसचा पहिला ठराव होण्यास १९१७ साल उजाडावे लागले. जो प्रश्न राजकीय व्यासपीठावर यायचा होता, तो मैदानावर दर सामन्यास उभा राहत होता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले आणि अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. संघात जागा गुणांवर मिळाली, पण नेतृत्वासाठी भांडावे लागले.

हा दुहेरी अनुभव घेऊनच बाळू राष्ट्रीय राजकारणात आले. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे आपले प्रतिनिधी केवळ आपल्याच मतांनी निवडण्याची सोय, देऊ केली होती. बाळूंनी अस्पृश्य समाजाचेच एक नेते एम. सी. राजा यांच्याप्रमाणे संयुक्त मतदारसंघांचा, म्हणजे जागा राखीव पण मतदार सर्व हिंदू, या व्यवस्थेचा पक्ष घेतला आणि २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर सहीही केली. सर्वांनी मिळून खेळण्याच्या संघातून जो वर आला, त्याला एकत्र मतदानाचा मार्ग जवळचा वाटणे स्वाभाविक होते. परंतु बहुसंख्याकांच्या मर्जीवर अवलंबून राहिल्यास हक्काची जागा किती उशिरा मिळते, याचा पुरावाही त्याच कारकिर्दीत होता, आणि डॉ. आंबेडकरांची शंका नेमकी हीच होती.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत हा मतभेद मुंबईच्या मतदारांपुढे आला. काँग्रेसचे उमेदवार बाळू यांना ११,२२५, तर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर यांना १३,२४५ मते पडली. अवघ्या २,०२० मतांच्या या अंतरावरून एवढे दिसते की बाळूंच्या नावामागे मैदानाची पुण्याई भक्कम होती. मात्र ज्या समाजाचे प्रतिनिधित्व करायचे, त्याची स्वतंत्र संघटना आंबेडकरांमागे होती. बाळूंचे निधन १९५५ साली झाले.