घरांतील चित्रपटगृह आणि कापसाची गादी

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक नवी हौस उत्पन्न झाली आहे. भिंतीवर मोठा दूरदर्शन-संच लागला, कीं त्याच्या मागोमाग ‘होम थिएटर’ची चर्चा घरांत सुरू होते. चित्रपटगृहांत आवाज ज्याप्रमाणें चोहोंकडून येऊन आपणांस वेढून टाकतो, त्याप्रमाणें तो घरीं बसल्या जागीं ऐकूं यावा, ही इच्छा मोठी स्वाभाविक आहे. परंतु इच्छा आणि ऐपत यांचें प्रमाण सर्वत्र सारखें नसतें. आणि खोक्यावर छापलेले आंकडे पाहून जो गृहस्थ घरची शिल्लक खर्च करतो, त्याच्या पदरीं पुष्कळदां सुस्वर ध्वनीऐवजीं नुसता गोंगाट पडतो. म्हणून आजच्या भाषणांत मी मुख्यतः एकच गोष्ट सांगणार आहें. या यंत्राचा अर्धा भाग दुकानांत मिळत नाहीं. तो भाग म्हणजे आपली खोली होय. आणि ती खोली सुधारण्याचें जें स्वस्त व उत्तम द्रव्य, तें आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातींतच पिकतें.

प्रथम ‘सराउंड साउंड’ म्हणजे काय, तें पाहूं. अमरावतीजवळ पेढी नदीच्या कांठीं वलगांव आहे. संत गाडगे महाराजांनीं २० डिसेंबर १९५६ रोजीं याच परिसरांत देह ठेवला. महाराजांच्या कीर्तनाची रीत अशी होती, कीं ते समोर उभे राहून श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर सभोंवारच्या जनसमुदायांतून उठे. अशा कीर्तनाच्या मध्यभागीं डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या कानांवर काय पडतें? निरूपण समोरून येतें, टाळांचा नाद थोडा बाजूनें येतो आणि नामघोष पाठीमागून येतो. अर्थ कळतो तो समोरच्या आवाजानें; परंतु ‘मी या मंडळींत बसलों आहें’ ही जाणीव होते ती बाजूच्या व मागच्या आवाजानें. सराउंड साउंडचा सारा उद्देश एवढाच आहे.

हा आभास यंत्रानें कसा साधतो? आपले दोन कान एकमेकांपासून सुमारें सात इंचांवर आहेत. उजवीकडचा आवाज उजव्या कानास आधीं आणि डाव्या कानास किंचित् उशिरां पोहोंचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. शिवाय उंच स्वर डोक्याच्या आडोशामुळें दूरच्या कानास मंद ऐकूं येतात. वेळेचा फरक आणि जोराचा फरक या दोन खुणांवरून आपण दिशा ओळखतों, असें लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं प्रतिपादिलें. १९३१ सालीं अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें दोन ध्वनिवर्धकांच्या साहाय्यानें कानाची अशीच समजूत घालण्याची युक्ति योजून तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटेशिया’नें १९४० सालीं अनेक मार्गांचा ध्वनि चित्रपटगृहांत आणला, आपल्याकडे १९७५ सालचा ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या चित्राबरोबर स्टीरिओ ध्वनि घेऊन आला, आणि १९९२ पासून ‘५.१’ हा अंकीय प्रकार चित्रपटगृहांत रूढ होऊं लागला.

या ५.१ चा अर्थ सोपा आहे. समोर डावा, मधला व उजवा असे तीन स्पीकर आणि मागच्या बाजूस डावा व उजवा असे दोन, मिळून पांच. दशांश चिन्हापुढील एक म्हणजे केवळ खर्जाचा मार्ग. त्याचा स्वरपट्टा अगदीं अरुंद, म्हणून त्याची गणना पूर्ण एक अशी केलेली नाहीं. हा खर्ज ज्या पेटींतून निघतो तिला सबवूफर म्हणतात. यांपैकीं पात्रांचें संभाषण बहुतेक सर्व मधल्या स्पीकरमधून येतें, हें विशेष ध्यानांत ठेवावें. घरांतील वृद्धांना चित्रपटांतील बोलणें नीट कळत नाहीं, ही तक्रार आपण पुष्कळ घरीं ऐकतों. अशा घरीं एकंदर आवाज वाढविण्यापेक्षां मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबेलनें चढविणें हाच योग्य उपाय होय.

आतां मांडणी. बसण्याची जागा हा घड्याळाचा मध्य आणि दूरदर्शन-संच बाराच्या आंकड्यावर आहे, अशी कल्पना करा. मधला स्पीकर बाराच्या जागीं, डावा अकराच्या आणि उजवा एकाच्या जागीं ठेवावा. मागचे म्हणून जे दोन असतात ते खरोखर पाठीशीं नसून बाजूस व थोडे मागें हवेत. उजवा साडेतीन ते चारच्या मध्यें आणि डावा आठ ते साडेआठच्या मध्यें. समोरचे स्पीकर शक्यतों बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत. मागचे हातभर उंच असले तरी चालतें. मग टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचें आपल्या आसनापासूनचें अंतर मोजावें आणि तें यंत्रांत नोंदवावें. आवाज सेकंदास सुमारें अकराशें तीस फूट धांवतो, म्हणजे एका फुटास त्याला जवळजवळ सेकंदाचा हजारावा हिस्सा लागतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला असतां जो क्षणभर आधीं पोहोंचतो त्याच्याच दिशेला कान मान देतो, हें हेल्मुट हास या जर्मन संशोधकानें १९४९ सालच्या प्रबंधांत दाखवून दिलें. म्हणून मागचा स्पीकर कानाजवळ असून अंतर नोंदलेलें नसेल, तर समोरचें दृश्य आणि मागचा आवाज यांची फारकत होते. या सुधारणेस एक पैही पडत नाहीं.

यानंतर खोलीचा विचार. १८९५ च्या सुमारास अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द श्रोत्यांस कळेना. उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हें काम सोंपविण्यांत आलें. त्यानें जवळच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या मागून आणल्या, रात्रीच्या शांततेंत त्या थोड्या थोड्या मांडल्या आणि प्रत्येक वेळीं घुमण्याचा काळ घड्याळानें मोजला. गाद्या वाढतील तसतसा नाद लवकर विरतो, आणि तो किती लवकर विरेल याचें गणित मांडतां येतें, असें त्यास आढळलें. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया अशा रीतीनें गाद्यांवर घातला गेला!

तेंच गणित आपण वलगांव किंवा अमरावती येथील एखाद्या नव्या घरास लावून पाहूं. खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. भिंतींना गिलावा, खालीं फरशी, वर सिमेंटचें छत. खोलीचें घनफळ अठराशें घनफूट आणि सर्व पृष्ठभाग मिळून नऊशें चौरस फूट. असे कठीण पृष्ठभाग आवाजाचा सुमारें शंभरांत तीन हिस्सेच शोषून घेतात. म्हणून एकंदर शोषण केवळ सत्तावीस चौरस फुटांएवढें होतें. सबाइनच्या सूत्राप्रमाणें अशा रिकाम्या खोलींत नाद सव्वातीन सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. आतां सहा फूट बाय तीन फूट अशा चार कापसाच्या गाद्या भिंतींना लावा. गादी आवाजाचे शंभरांत सत्तर हिस्से शोषते असें धरलें, तर आणखी पन्नास चौरस फुटांची भर पडून नाद सव्वा सेकंदाच्या आंत येतो. त्यांत घरचीं सहा माणसें बसलीं, म्हणजे तो एका सेकंदाहूनही खालीं उतरतो. एवढा फरक कितीही महाग अॅम्प्लिफायर घेऊन पडणार नाहीं.

गाद्या कोठें लावाव्यात यासाठीं एक सोपी युक्ति आहे. आपण आसनावर बसावें आणि दुसऱ्या कोणास बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत नेण्यास सांगावें. आरशांत ज्या ठिकाणीं समोरचा स्पीकर दिसूं लागेल, त्याच ठिकाणाहून आवाज परावर्तित होऊन कानाकडे येतो. तेथें गादी हवी. गादी चार इंच जाड, सैल पिंजलेल्या कापसाची असावी आणि भिंतीपासून दोन इंच दूर राहील अशी टांगावी. तिची खोळ खादीसारखी, हवा आरपार जाऊं देणारी हवी. रेक्झीनची खोळ घातली तर कापूस आंत निरुपयोगी होऊन बसतो. घरांतील जुनी गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली, तर खर्च नाममात्र येतो. मात्र कापूस पेट घेतो, म्हणून विजेचीं बटणें, तापणारें यंत्र आणि देवघरांतील समई यांपासून ती दूर ठेवावी. गादी मधल्या व उंच स्वरांना आवरते, खोल खर्जाला नव्हे. त्यासाठीं सबवूफरची जागा शोधावी लागते. ती पेटी क्षणभर आपल्या आसनावर ठेवून संगीत लावावें आणि आपण जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरावें. जेथें खर्ज न घुमतां स्वच्छ ऐकूं येईल, तेथें ती पेटी कायमची ठेवावी.

खरेदीसंबंधीं चार शब्द. ‘पी.एम.पी.ओ.’ या नांवाखालीं छापलेले हजारों वॅट म्हणजे निव्वळ फुशारकी समजावी; ‘आर.एम.एस.’ हा आंकडा तेवढा पाहावा. शक्ति दुप्पट झाली तरी आवाज तीनच डेसिबेलनें चढतो, आणि कानास तो दुप्पट वाटावा म्हणून जवळजवळ दसपट शक्ति लागते. मघांशीं सांगितलेल्या खोलीस प्रत्येक मार्गावर खरे वीस-तीस वॅट पुष्कळ झाले. पैसा थोडा असेल तर पांच हलक्या पेट्या एकदम घेऊं नयेत. पांच मार्गांची सोय असलेला अॅम्प्लिफायर आणि समोरच्या दोन चांगल्या पेट्या प्रथम घ्याव्यात. पुढें मधली, मग मागच्या दोन आणि शेवटीं सबवूफर, असा क्रम ठेवावा. प्रत्येक पायरीवर जें घरांत आहे तें उपयोगी पडत राहतें. ‘साउंडबार’ ही एक लांबट पेटी जागा व खर्च दोन्ही वांचविते. परंतु ज्या साउंडबारला मागच्या निराळ्या पेट्या नसतात, तो बाजूच्या भिंतींवरून आवाज परतवून मागचा आभास करतो. एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस उघडें दार असेल, तर तो आभास लंगडा होतो. यंत्र आणल्यावर दूरदर्शन-संचांतील ध्वनीची निवड अवश्य तपासावी. पुष्कळ संच आरंभीं दोनच मार्ग बाहेर पाठवितात, आणि पांच पेट्या मांडूनही घरचे लोक स्टीरिओच ऐकत बसतात.

आपल्या भागांत उन्हाळ्याची अडचण निराळी आहे. एप्रिल-मेमध्यें कूलरवांचून बसवत नाहीं, आणि त्याचा घोष पुष्कळदां साध्या संभाषणाच्या पातळीस जाऊन पोहोंचतो. तेव्हां आवाज वाढविण्याचा मोह होतो. कूलर गर्जतो, यंत्र त्याहून गर्जतें, आणि शब्द मात्र हरवतो. त्यापेक्षां खेळापूर्वीं खोली थंड करून घ्यावी, मग कूलर मंद गतीवर ठेवावा. त्याची दमट हवा सरळ स्पीकरच्या कागदी पडद्यावर येऊं देऊं नये.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. खर्ज भिंतींतून पलीकडे जातो. गादी त्यास अडवीत नाहीं. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा पंचावन्न आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत पंचेचाळीस डेसिबेल ही मर्यादा आहे. सामाईक भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा किंवा आजारी माणूस असूं शकतो, हें कायद्यानें सांगण्याची वाट पाहूं नये. रात्रीं सबवूफर बंद ठेवावा. बहुतेक यंत्रांत मोठे व लहान आवाज जवळ आणणारी रात्रीची व्यवस्थाही असते.

आणखी एक विवेक. १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ किंवा जुन्या कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें हीं एकाच मार्गावर घेतलेलीं आहेत. तीं कृत्रिम उपायानें चोहोंकडे पसरविलीं तर शब्द पातळ होतो. जें एका मुखानें बोललें गेलें, तें मधल्या एकाच स्पीकरमधून ऐकण्यांत खरा आनंद आहे. जेथें मूळ मुद्रणांतच चोहोंकडचा ध्वनि आहे, तेथेंच पांचही पेट्या बोलूं द्याव्यात.

असो. ज्यांस ही खरेदी करावयाची आहे, त्यांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एकदां जोरानें टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत नाद उमटला, तर पहिला खर्च कशावर करावयाचा हें खोलीनेंच सांगितलें असें समजावें. प्रथम गादी, मग मांडणी आणि त्यानंतर यंत्र, या क्रमानें जो चालेल, त्यास थोड्या पैशांत पुष्कळ ऐकावयास मिळेल.